एस्तरबाईंचा शनिवार

शनिवार, सप्टेंबरचा दुसरा आठवडा, एकोणीसशे अठ्ठावन्न. जागा: भोपाळ, आमच्या शाळेचं प्रार्थनाघर. हजर: वरच्या तीन वर्गांतल्या सगळ्या मुली, त्यांच्या शिक्षिका, ड्रिलमास्तर, नवे प्रिन्सिपॉल थॉमससाहेब, या सभेला पहिल्यांदाच, त्यांच्या शेजारी पाहुण्या म्हणून मिसेस हॅरिस, कारखाना उभारायला आलेल्या एका इंग्रज इंजिनिअरच्या पत्नी, दाराशी स्वयंपाकी करीमभाई, ऑफिस सांभाळणारी मी, आणि पेटीपाशी एस्तरबाई ओहोळ. गैरहजर: कोणी नाही. त्या दिवशी दोघं-तिघं गैरहजर असते तर बरं झालं असतं.

मी या शाळेत कशी आले ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढे माझं काम नाही. नागपूर राजधानी राहिलं नाही आणि सचिवालय भोपाळला हललं. फायली आधी आल्या, माणसं त्यांच्या मागून. माझे यजमान सचिवालयात होते. जहांगीराबादेत आम्हाला एक खोली मिळाली, आणि मला टायपिंग येत होतं म्हणून मिशनच्या शाळेत नोकरी. सासूबाईंनी नागपूरहून लिहून कळवलं की तिथे पाणीसुद्धा पिऊ नकोस. पहिल्याच दिवशी एक उंच, हाडकुळी बाई माझ्या टेबलाशी आली. पांढरी सुती साडी, पायांत मुलींच्या ड्रिलचे कॅनव्हासचे बूट. हातात पाण्याचा पेला.

"नागपूरच्या ना? घ्या. आडनावावरून मला काही कळलेलं नाही, आणि तुम्ही सांगूही नका. सांगितलंत की मला ते लक्षात ठेवावं लागेल."

मी पाणी प्यायले. सासूबाईंना कळवलं नाही.

एस्तरबाई मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. "आजोबांनी धर्म बदलला, तिखट नाही बदललं," असं त्या म्हणायच्या, आणि जेवणघरात पुडिंगच्या शेजारी त्यांच्या ताटात मिरचीचा ठेचा असायचाच. कस्टर्डला त्या 'पिवळी पेज' म्हणायच्या. इंग्रज मुलीही तेच म्हणायला लागल्या होत्या. त्या गणित आणि बायबल शिकवायच्या आणि वसतिगृह सांभाळायच्या. प्रार्थनाघरात परदेशातून आलेला ऑर्गन होता, पण पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या फुगायच्या. एस्तरबाई त्याच्यावर कापड टाकून शेजारी पेटी घेऊन बसायच्या आणि मराठी भजनं म्हणायच्या. शब्द न कळणाऱ्या मुलीही मागून म्हणायच्या.

तेव्हा शाळेत सगळ्या तऱ्हेच्या मुली होत्या. जुन्या शहरातल्या पठाण घरांतल्या, फाळणीनंतर आलेल्या सिंधी, नर्सबाईंच्या मल्याळी मुली, इटारसीच्या रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन, आमच्या नागपूरकर कारकुनांच्या, आणि कारखान्याचं काम सुरू झाल्यावर इंग्रजांच्या. त्या आल्या तेव्हा शाळेच्या पाटीवर नावाच्या आधी 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द रंगवून घेतला. रंगाऱ्याला जागा कमी पडली, म्हणून तो शब्द बाकीच्यांपेक्षा बारीक आहे. एस्तरबाई म्हणाल्या, "आपण आधीपासून होतोच. पाटीला आत्ता कळलं."

आता शनिवारची सभा. ती एस्तरबाईंनी सुरू केलेली होती, मिशनच्या कुठल्या पुस्तकात नव्हती. शनिवारी सकाळी वरच्या वर्गांतल्या मुली प्रार्थनाघरात बसायच्या, आणि ज्याला वाटेल त्याने उठून त्या आठवड्यात आपल्या हातून काय चुकलं ते सांगायचं. सक्ती नव्हती. पहिल्यांदा मोठ्यांनी सांगायचं, मग मुलींनी. ऐकून कोणी हसायचं नाही. शिक्षा नाही. आणि आत बोललेलं दाराबाहेर न्यायचं नाही. ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलायचं. एस्तरबाई ते हिंदीत आणि इंग्रजीत करून सांगायच्या, पदरचं काही न घालता आणि काही न गाळता. कोणी अडखळलं तर त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "देवाला माहीत आहे. आता आम्हाला सांग."

मी पहिल्यांदा गेले त्या शनिवारी त्यांनी करीमभाईंना दारातून आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "मंगळवारी मी करीमभाईंना म्हटलं, डाळ खारट आहे. डाळ खारट नव्हती. माझ्या भावाचं पत्र आलं नव्हतं, त्याचा राग मी डाळीवर काढला."

करीमभाई पंच्याने तोंड पुसत म्हणाले, "अरे छोड़िए बाजी! इत्ती सी बात के वास्ते मेरी रोटी जलवा रही हो आप?"

"रोटी जलने दो. माफ किया के नहीं, वो बोलो."

"किया खाँ, किया! अब जाऊँ?"

मुली हसल्या नाहीत. मला हसू आवरेना म्हणून मी बाहेर गेले, आणि बाहेर गेल्यावर लक्षात आलं की मला रडू येतंय.

एकदा ड्रिलमास्तरांनी मैदानावर एका मुलीला टोमणा मारला. तिने आत कबूल केलं होतं की ती रोज मैत्रिणीच्या डब्यातला लोणच्याचा तुकडा उचलते. "क्यों भई अचारवाली, दौड़ा नहीं जाता?" एवढंच ते म्हणाले. एस्तरबाई ऑफिसच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. मैदान ओलांडून गेल्या, तेच ते कॅनव्हासचे बूट, आणि मास्तरांना हळू आवाजात म्हणाल्या, "ते आत ठेवलेलं होतं. तुम्ही बाहेर आणलंत. आता परत नेऊन ठेवा." मास्तर लष्करातून आलेले, मिशीवाले. ते गेले, प्रार्थनाघरात एकटेच बसले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. आत काय केलं ते कोणी विचारलं नाही. पुढल्या शनिवारी मोठ्यांमध्ये दुसरे उभे राहणारे तेच होते.

हे सगळं चाललं होतं, कारण आत बसणारे सगळे एस्तरबाईंना ओळखत होते. नियम कुठे लिहिलेला नव्हता.

मग शाळा वाढली. मॅनेजिंग कमिटी बसली, नियमावली छापून आली, थॉमससाहेब आले. वाईट गृहस्थ नव्हते. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, मुलींची नावं चेहऱ्यांसकट पाठ करायचे. पण त्यांच्यासमोर शाळेच्या दाराशी रोज नवे बाप उभे असायचे, आणि कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, याला त्यांना काहीतरी आधार हवा होता. तो नियमावलीत होता. प्रत्येक वर्गात एका मुलीला बिनफीची जागा; अट अशी की अभ्यासात पहिली आणि वर्तन निष्कलंक.

आठवीतली ती जागा सुनंदा वानखेडेकडे होती. तिचे वडील सचिवालयात दफ्तरी, फायली शिवायचं काम. माणूस नागपूरहून फायलींबरोबरच आलेला. सुनंदा बारीक चणीची, तेलाने चप्प बसवलेल्या दोन वेण्या, प्रश्न विचारला की आधी उभी राहायची आणि मग विचार करायची. एस्तरबाईंचा तिच्यावर जीव होता. त्या तो लपवत असत, पण गणिताच्या तासाला त्यांचा आवाज तिच्या बाकापाशी जरा खाली यायचा.

त्या शनिवारी एस्तरबाईंनी आधी स्वतःचं सांगितलं, काय ते मी इथे लिहीत नाही. ड्रिलमास्तर बोलले. एक-दोन मुली बोलल्या. मग सुनंदा उठली. समोरचा बाक धरला आणि मराठीत म्हणाली, "सहामाहीच्या गणितात तिसरं उत्तर मी जेनीच्या पेपरात बघून लिहिलं. माझं वेगळं आलं होतं. ते खोडलं."

जेनी म्हणजे मिसेस हॅरिसची मुलगी. शेजारच्याच बाकावर होती. मराठी समजणाऱ्या आम्ही मोजक्याच होतो. बाकीच्यांना फक्त 'जेनी' कळलं. मिसेस हॅरिसनी मान वर केली. थॉमससाहेब इंग्रजीत म्हणाले, "मिस ओहोळ, ती जेनीबद्दल काय म्हणाली?"

एस्तरबाईंचा हात पेटीच्या भात्यावर होता. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या वेळी त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. सुनंदाला जेनीचा हेवा वाटला, एवढंच सांगितलं असतं तरी सभा पुढे गेली असती. सुनंदा त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यांना काही म्हणायचं असलं तर ते तिच्याकडे बघूनच म्हणायचं होतं. एस्तरबाईंनी आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत सांगितलं. तिसरं उत्तर, बघून लिहिलं, आपलं खोडलं. सगळं.

"ओ, पुअर चाइल्ड," मिसेस हॅरिस म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. शेवटची प्रार्थना झाली. सुनंदा हलकी होऊन बाहेर पडली. जेवणघरात ती हसताना मला दिसली.

सोमवारी थॉमससाहेबांनी एस्तरबाईंना बोलावलं. माझं टेबल त्यांच्या दाराशी होतं आणि दार उघडं होतं.

"सर, ती शनिवारची गोष्ट आहे."

"आज सोमवार आहे, मिस ओहोळ."

"म्हणून तर विचारते. शनिवारची गोष्ट सोमवारी तुमच्या टेबलावर आली कशी?"

"मी तिथे बसलो होतो. ऐकलेलं ऐकलं नाही असं कसं करू? दुसऱ्या मुलीच्या आईसमोर झालं ते. त्या एका जागेसाठी किती जण दाराशी आहेत, तुम्ही बघता. त्यांना काय सांगू? अट निष्कलंक वर्तनाची आहे."

"सर, या शाळेत एकाच मुलीचं वर्तन तुम्हाला ठाऊक झालंय. बाकीच्यांचं काय ठाऊक आहे तुम्हाला?"

थॉमससाहेबांनी समोरची नियमावली मिटली. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं मला कळतं. पण मी एकटा ठरवणार नाही. कमिटीपुढे ठेवतो."

कमिटीची बैठक होईपर्यंत एस्तरबाई कोणाकोणाकडे गेल्या ते मला ठाऊक आहे, कारण टांगा मीच बोलवायची. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त डॉक्टर. त्यांच्याकडे गेल्या. मिसेस हॅरिसकडे, रायसेन रोडवरच्या त्यांच्या बंगल्यात गेल्या. त्या बाईंनी चहा दिला, जेनीला काही वाटलेलं नाही असं सांगितलं, आणि शाळेच्या नियमांत आपण पाहुण्यांनी पडणं बरं दिसणार नाही, असंही सांगितलं. परत येताना टांगेवाल्याने घोड्याला चाबूक मारला तर एस्तरबाई काही बोलल्या नाहीत. एरवी त्या टांगा थांबवून भांडायच्या.

बैठकीत टिपणं घ्यायला मी होते. एस्तरबाईंना बोलायला वेळ दिला तेव्हा त्या उभ्या राहिल्या, शनिवारी राहायच्या तशा.

"ही मुलगी शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे आली होती. रडत होती. मला सगळं सांगितलं. मी तिथेच तिला माफ केलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मी म्हटलं, उद्या सभेत सांग, काही होणार नाही. मी शब्द दिला. तेव्हा कोणाला काढायचंच असेल तर मला काढा."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे परीक्षेतला गैरप्रकार तुम्हाला शुक्रवारीच ठाऊक होता? आणि तुम्ही प्रिन्सिपॉलना कळवलं नाहीत?"

एस्तरबाईंना वाटलं होतं की खरं सांगितलं की वजन पडेल. वजन पडलं, पण दुसऱ्या पारड्यात. सुनंदाची बिनफीची जागा गेली. एस्तरबाईंना लेखी ताकीद मिळाली आणि वसतिगृह त्यांच्याकडून काढून घेतलं. शनिवारची सभा मात्र चालू ठेवावी, शाळेची ती चांगली परंपरा आहे, असं कमिटीने ठरवलं.

सुनंदाचे वडील तिला न्यायला सायकल घेऊन आले. दप्तर हँडलला अडकवलं. एस्तरबाई व्हरांड्यात होत्या.

"बाई, तुमीच म्हटलं न तिले, उभी राह्य म्हणून?"

"हो, वानखेडे. मीच."

"आमी तं घरी शिकवलं असतं, चूप राह्य." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चाल वो, सुनंदा. बाईले नमस्कार कर."

तिने नमस्कार केला. एस्तरबाईंनी हात पुढे केला, पण तोवर ती वळली होती.

त्यानंतरच्या शनिवारी मुली उठल्या. पहिली म्हणाली, मी बागेतलं फूल तोडलं. दुसरी म्हणाली, मीही फूल तोडलं. तिसरीने कावळ्याला दगड मारला होता. एका बाईंनी उठून सांगितलं की आपल्या हातून प्रार्थना घाईत झाली. एस्तरबाई सगळं हिंदीत करून सांगत होत्या, इंग्रजीत करून सांगत होत्या. फूल तोडलं. फूल तोडलं. कावळा. एकही शब्द गाळला नाही. इतकी फुलं आमच्या बागेत नव्हतीच.

पाहुणे यायला लागले. शाळेच्या माहितीपत्रकात सभेचा फोटो छापला गेला, आणि त्याखाली शीलसंवर्धनाबद्दल चांगलं वाक्य होतं. एस्तरबाई अजूनही पहिल्या उभ्या राहायच्या. पण त्यांनी एकदा एका शिक्षिकेबद्दलचा आपला राग सांगितला तो आठवडाभरात कमिटीपर्यंत गेला, आणि त्या शिक्षिकेने रडून विचारलं की मी काय केलं होतं. तेव्हापासून त्या उभ्या राहायच्या, बाक धरायच्या, थोडा वेळ तशाच थांबायच्या आणि बसायच्या. पाहुण्यांना वाटायचं की ते मौन प्रार्थनेतलंच आहे.

एकदा मी त्यांना विचारलं. आम्ही दोघी स्टाफरूममध्ये जुने पेपर बांधत होतो. "बाई, त्या दिवशी इंग्रजीत वेगळं काही सांगितलं असतं तर?"

"काय सांगणार होते? पोरगी खरं बोलली आणि मी खोटं सांगू?" त्यांनी गाठ मारली, सोडली, परत मारली. "शुक्रवारीच घरी पाठवायला हवी होती तिला. डोक्यावर हात फिरवून. माझ्याच्याने तेवढं झालं नाही. मला सभा मोठी वाटली."

मी म्हटलं, देवाला माहीत आहे. त्यांचंच वाक्य. बरं वाटावं म्हणून म्हटलं.

"त्याला माहीत असून काय झालं?" त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं मी एवढंच ऐकलं. पेटी त्या वाजवत राहिल्या, पण गाताना मुलींच्याच आवाजात मिसळून जायच्या. मला त्यांचा वेगळा आवाज ऐकू यायचा बंद झाला.

निवृत्त झाल्यावर त्यांना नगरला, मिशनच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली. जायच्या आधी मला म्हणाल्या, "एक काम करा. सुनंदाला शोधा. माझा एक निरोप आहे." निरोप सांगितला. लिहून घेऊ का विचारलं तर म्हणाल्या, नको, तोंडीच सांगा.

मी टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वानखेड्यांकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. केस पिकले होते. त्यांच्या बायकोने चहा टाकला.

"लगन झालं जी तिचं. दोन पोरं हायेत."

"कुठे दिली?"

ते कपबशीकडे बघत राहिले. "मॅडम, तुमी आल्या, बरं वाटलं. पन पत्ता नाही देत. ती त्या शाळेचं नावही नाही काढत. सासरी सांगितलं हाय, सातवी शिकली म्हणून. आठवीत गेली होती, हे कोनाले माहीत नाही. काहून काढली म्हणून विचारतील न?"

"निरोप चांगला आहे, वानखेडे."

"आसंल जी. तुमची बाई चांगलीच होती." मग म्हणाले, "चहा थंडा होऊन राहिला."

स्टेशनवर एस्तरबाई बायकांच्या डब्यात खिडकीशी बसल्या होत्या. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी. पेटी शाळेची होती, ती राहिली. मी पुऱ्यांचा डबा दिला. त्यांनी विचारलं नाही, फक्त बघितलं.

"पत्ता मिळाला नाही, बाई. तिची दोन मुलं आहेत. बरी आहे."

"बरी आहे." त्यांनी मान हलवली. "मग मिळेल तेव्हा सांगा."

समोरच्या सीटवरची एक बाई तेवढ्यात आपल्या लहान मुलीला ओरडत होती, की पेरू तूच खाल्लास, खरं सांग. मुलगी नाही, नाही म्हणत होती. एस्तरबाईंनी वळून तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या आपलं ठरलेलं वाक्य म्हणतील. त्यांनी आपल्या डब्यातली एक पुरी काढून त्या मुलीच्या हातात दिली आणि खिडकीबाहेर तोंड केलं. गाडी हलली तेव्हा त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

पुढे दोन पावसाळे गेल्यावर त्या नगरला वारल्या. वानखेडे निवृत्त होऊन वर्ध्याकडे गेले, असं सचिवालयात कळलं. गावाचं नाव कोणाला सांगता आलं नाही. त्या भागातलं कोणी आलं की मी विचारते. निरोप असा आहे: तू उभी राहिलीस ते बरोबर होतं, तुला उभं राहायला सांगणारी चुकली. तो पोचवायचा राहिला आहे.